परसोंच बांधलेला मजला

बाई,

तुमचा वरचा मजला पाडणार नाहीत. हे आधी सांगून टाकते, कारण मुद्दा शेवटच्या ओळीपर्यंत लपवून ठेवलेला तुम्हाला कधी खपला नाही. "आधी काय झालं ते सांग, मग काढ काय वेलबुट्टी काढायची ती," असं म्हणत तुम्ही माझे निबंध परत करायचात. तर झालं ते एवढंच की नोटीस मागे घेतली. पडलेली भिंतही काल बांधून झाली, तेव्हापासून मी सारखी हसते आहे. सुनेनं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, घर वाचलं. ती म्हणाली, "पण ते आपलं घर कुठंय?" तिला काय सांगू? म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतली आपली गल्ली आता तुम्हाला ओळखू यायची नाही. आंध्रचे दोन तुकडे झाले त्या वर्षांत कुणी म्हणायचं जागांचे भाव पडणार, कुणी म्हणायचं चढणार, आणि दोन्ही म्हणणारे आपापली घरं पाडत सुटले होते. कोपऱ्यावरचं कमानीचं घर गेलं. ज्याच्या ओसरीवर तुम्ही उन्हाळ्यात पापड वाळत घालायला परवानगी मागितली होती, तेही गेलं. त्यांच्या जागी सगळीकडे एकसारखे मजले उभे आहेत, आणि खाली मोटारी. आपल्या इमारतीच्या मालकांना मात्र विकायचं नाही. ते मुलाकडे परदेशात असतात, तिथून त्यांनी बिल्डरला नाही म्हणून कळवलं. बिल्डरनं मग शेजारचं घर घेतलं, आणि ते पाडायला जेसीबी आणला. दोन्ही घरांची भिंत सामाईक आहे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. टेकू नाही, आडोसा नाही, सागवानी खांब सोडवून घ्यायचीसुद्धा कुणाला फुरसत नाही. एका हिसक्यात शेजारचं घर खाली आलं आणि जाताना तुमच्या स्वयंपाकघराची भिंत घेऊन गेलं.

मी रस्त्यावर उभी होते. वर तुमचं स्वयंपाकघर उघडं पडलेलं. तीच निळी भिंत, चुलीच्या वरचा तोच काळा पट्टा, लोणच्याच्या बरणीचा कोनाडा. वरच्या मजल्यावर आता मुलींचं होस्टेल आहे, नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या, जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या पोरी. त्यांतल्या दोघी हातात जेवणाची ताटं घेऊन कोनाड्याखाली थिजून उभ्या होत्या. जेसीबीवाला खाली उतरला आणि चहा प्यायला गेला. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

त्या कोनाड्याखाली, शाळेच्या वयात, मीही बसलेली आहे. मधली सुट्टी झाली आहे, बाकीची मुलं घरी गेली आहेत, आणि मी तुमच्या जिन्याच्या पायरीवर डबा उघडायचं टाळते आहे, कारण भाकरी मीच थापली आहे आणि ती कशी झाली आहे ते मला माहीत आहे. आई गावाकडे शेतावर, नांदेडपलीकडे. वडील सिकंदराबादला रेल्वेत, सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. तुम्ही आतून हाक मारता, "ए, ती भाकरी कुत्र्याला घाल आणि आत ये." तुमच्या वरणात गूळ असतो. बाई, तुमचं साताऱ्याचं ते गोड वरण मला एक दिवसही आवडलं नाही. मी त्यात अंबाडीचं तिखट लोणचं कालवते, तुम्ही "तेलंगी झालीस गं पुरती" म्हणता, आणि दुसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी माझ्या हाताला येईल अशी खाली ठेवता.

मग छप्पनची राज्य-पुनर्रचना झाली. आमचं गाव मुंबई राज्याकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. अर्धा वर्ग औरंगाबादला, परभणीला निघून गेला. तुम्हालाही बोलावणं होतं, चांगल्या शाळेचं. तुम्ही गेला नाहीत. माझे काका मला न्यायला आले, मुलीच्या जातीनं परमुलखात कशाला राहायचं म्हणून. घरात कुणाचं न ऐकणारा माणूस. तुम्ही जिन्यातच त्यांना अडवलंत. "मॅट्रिक होईपर्यंत ही इथं राहील. मग न्या," म्हणालात आणि चहा दिलात. काका चहा पिऊन गेले. पुढं मी शिकले, बँकेत लागले, याच शहरात म्हातारी झाले, त्याला तो चहा कारण.

आता नोटिशीचं. भिंत पडल्यावर मी तक्रार केली, तर बिल्डरनं उलटी तक्रार केली: वरचा मजला अलीकडेच, परवानगी न घेता चढवला आहे. होस्टेलवाल्यानं बाहेरून सिमेंटचा गिलावा करून गुलाबी रंग फासला होता, त्यामुळे दिसायलाही तो नवा. चौकशीला महापालिकेचे एक तरुण साहेब आले. माणूस सरळ, पण समुद्रकाठच्या जिल्ह्यातून नुकताच इकडे आलेला, हिंदी पुस्तकातून शिकलेला. खाली टेलरभाई बसतात, ज्यांचे अब्बा तुमची पोलकी शिवायचे. साहेबांनी त्यांना विचारलं, ऊपर का मजला कब बना? टेलरभाईंनी मशीनवरची नजर न उचलता सांगितलं, "परसोंच डाले साब." साहेबांनी तसं लिहून घेतलं, आणि मजला पाडण्याची नोटीस आली.

मी तणतणत दुकानात गेले. "भाई, आप क्या बोल दिए साब को?"

"सच्चीच बोला आपा. परसोंच तो डाले. मैं इत्ता सा था, चूना पीसते सो देखने कू बैठता था."

"वो परसों है?"

"हौ, परसोंच है. फिर क्या नरसों बोलूं?"

नरसों म्हणजे तेरवा. हसावं की रडावं! तुम्हाला आठवत असेल, मी निबंधात लिहिलं होतं, "परवा मी लहान होते तेव्हा." तुम्ही सगळ्या वर्गासमोर मला उभं केलंत. "आज बुधवार. परवा म्हणजे सोमवार. सोमवारी तू लहान होतीस?" वर्ग खिदळला. पण हैदराबादेत परसों म्हणजे काल सोडून मागचं सगळं, बाई. निजाम परसों, लग्न परसों, सकाळी हरवलेली कात्री तेवढी आजची. ही सवय मोडायला तुम्ही जंग जंग पछाडलंत, आणि शेवटी आजारपणात माझा हात धरून म्हणालात, "मी परवाच तर आले गं या गावात." मी दुरुस्ती केली नाही.

सुनावणीला मी टेलरभाईंना घेऊन गेले. बिल्डरचा वकील त्यांचंच वाक्य वाचून दाखवत होता. माझी पाळी आली तेव्हा भाषण सुचेना. मी साहेबांसमोरच विचारलं, "भाई, आपकी शादी कब हुई?"

"परसोंच हुई ना आपा."

"पोलीस ॲक्शन कब हुआ?"

"वो भी परसोंच. अब्बा दुकान बंद करके बैठे थे."

साहेबांनी त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलं. आधी ओठ आवळले, मग हसू फुटलंच. तेलुगूत म्हणाले, आमची आजीही असंच 'मोन्न' म्हणते, तिच्या लग्नापासून गावात आलेल्या वादळापर्यंत सगळं मोन्नच. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः पुन्हा आले, किल्लीच्या टोकानं गुलाबी गिलावा खरवडला, आतून जुन्या बांधणीचा चुना निघाला. त्यांनी तो बोटांत चुरगळला. मग नोटीस मागे, आणि भिंत बिल्डरनं बांधून द्यायची असा हुकूम. तुमच्या व्याकरणानं हे शहर चाललं असतं तर खटलाच उभा राहिला नसता, हे कबूल. पण चाललं नाही, त्याला मी काय करू?

भिंत सिमेंटच्या विटांची झाली. सोबत आतूनही गिलावा झाला, त्यात काळा पट्टा गेला, कोनाडा बुजला, आणि मला वाटलं होतं तेवढं त्याचं वाईट वाटलं नाही. काल संध्याकाळी वर जाऊन आले. पोरी घोकत बसल्या होत्या. एकीनं मला विचारलं, "अम्मा, मळ्ळी खाली चेयमंटारा?" म्हणजे पुन्हा खाली करायला सांगतील का. मी म्हटलं, नाही, निवांत अभ्यास कर. छातीवरचं ओझं उतरलं ते तिथं, त्या दारात.

एक सांगायचं राहिलं. सुनावणीत साहेबांनी पहिल्यांदा माझंच नाव विचारलं होतं, आणि मग, तुमचा या घराशी संबंध काय? विद्यार्थिनी होते म्हटलं असतं तर त्यांनी मला बाहेर बसवलं असतं, असं मला वाटलं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. मी म्हणाले, "वर माझी आई राहायची." माझी आई गावी शेतात राबली, गावीच गेली, आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तोंडातून ते निघालं तेव्हा खोटं बोलताना अडखळायला होतं तसं मुळीच झालं नाही. साहेबांनी ते कागदावर उतरवून घेतलं. ते आता तिथं तसंच आहे, आणि मी दुरुस्त करायला जाणार नाही.