नवी गादी उगवेपर्यंत

प्रिय बाबा,

आईचा फोन आल्यापासून कामात लक्ष नाही. त्या दवाखान्यात गुडघ्यात मूळपेशींची सुई घेऊन महिना होत आला, तरी तुम्ही म्हणे पाय जमिनीला टेकवतच नाही. जन्मभर लोकांच्या घरांत फरश्या बसवल्यात, ओल्या फरशीवर चालणाऱ्या मालकांवर डाफरलात, आता तोच नियम गुडघ्याला लावलात! हसू आलं, पण लगेच ओसरलंही. फोनवर विचारावं तर ‘बरंय’ म्हणून तुम्ही मोकळे होता, म्हणून लिहितेय.

बाबा, सांध्यातली गादी सिमेंटसारखी सुकून पक्की होत नाही. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे झिजली की आपली आपण भरून येत नाही. म्हणून तर आम्ही प्रयोगशाळेत मूळपेशींपासून नवी गादी वाढवायच्या मागे लागलोय. काचेच्या बशीत त्यांची छान पांढरी, चकचकीत चकती तयार होते. पण ती नुसती पडून राहिली तर लिबलिबीत होते, म्हणून आमचं यंत्र तिला हळूहळू दाबत असतं. आणि तुम्ही पाय उशीवर ठेवून बसलात. मांडी बारीक होत चाललीय, असं आई म्हणाली. मला खरंच भीती वाटतेय.

माझ्या चकतीचं विचाराल, तर परवाची दिसायला सुरेख होती. चालताना पडतो तेवढा दाब दिला आणि तिच्या चिंध्या झाल्या. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, पुन्हा करू. आम्ही नेहमीच पुन्हा करतो. कधी जमेल ते मला माहीत नाही, त्या सुईवाल्यांना तर मुळीच नाही.

काल आईनं खरं काय ते सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी धातूचा सांधा बसवायची तारीख दिली होती आणि तुम्ही ती नाकारलीत. ऑपरेशनच्या भीतीनं नाही. तिला म्हणालात, “पोरगी ज्याच्यामागे रात्रंदिवस लागलीय, त्यावर बापानंच भरवसा ठेवला नाही तर कोण ठेवणार?” हे ऐकून मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. बाबा, भरवसा माझ्यावर ठेवा, माझ्या पेशींवर इतक्यात नको. डॉक्टरांकडून मी पुन्हा तारीख घेतलीय, रजाही टाकलीय. माझं काम जमेल तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी बापाच्या उपयोगी पडेल. मला माझा बाप आत्ता चालता हवाय.

तुमचीच,
धाकटी