बारा अंश आणि एकोणीस अंश

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू दिलेला डबा गाडीतच संपला, त्यामुळे मावशीने काय दिलं असं हिने विचारल्यावर मी आशीर्वाद असं सांगितलं. तिचा विश्वास बसलेला नाही.

एक गोष्ट तिथे बोललो नाही. शनिवारी दुपारी तू जरा आडवी झालीस, तेवढ्यात तुझ्या मोठ्या सुरीला मी धार लावून ठेवली. माझं नवं यंत्र बॅगेत कशाला होतं, हे विचारू नकोस. हीसुद्धा आता विचारत नाही. सुरी चिमट्यात घट्ट बसते, दगड एका दांडीवर मागेपुढे सरकतो, आणि दांडी ज्या अंशाला लावली त्याच अंशाने दगड पात्याला लागतो. आपला हात कितीही हलला तरी कोन हलत नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासणाऱ्या माणसाला यापुढे स्वर्गसुद्धा ओबडधोबड वाटेल.

आधी खरखरीत दगड, मग मधला, मग बारीक, शेवटी चामडं. दोन्ही बाजूंना नेमके सतरा अंश. मनगटावर पातं टेकवलं तर केस साफ. माझ्या डाव्या मनगटावर आता एकही शिल्लक नाही, आणि हाफ शर्ट घालायला हिने बंदी केली आहे.

मूठ फुटली म्हणून पंधरा वर्षं कपाटात पडलेली ती छोटी सुरी मी निघताना तू दिलीस, तीही सवडीने करून पाठवतो. माझे उद्योग पोटात घालून लोभ असू द्यावा.

तुझा,
भाचा

१४ फेब्रुवारी

चि. चष्मेबहाद्दरास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. सुरीला कोणाचा हात लागला ते मला रविवारीच कळलं होतं. टोमॅटोवर नुसती ठेवली आणि टोमॅटो दोन झाला. चाळीस वर्षं मी दगडावर हाताने धार लावते, पण अशी कधी लागली नाही. तेव्हा शाबास.

इकडची बातमी अशी. वसतिगृहात आता एकशे तीस मुली जेवतात. त्यांच्या काकड्या, कोबी, टोमॅटो सगळं माझ्याच टेबलावर चिरलं जातं, हे तुला ठाऊक आहे. गेले दहा दिवस माझ्या चकत्या वाकड्या पडताहेत. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागद. मी जपून चिरलं, सावकाश चिरलं, चष्मा पुसून चिरलं. तुझा चष्मा निर्दोष आहे. सुरीत तर खोट काढायला जागाच नाही. मग उरलं काय? माझा हात.

एका मुलीने चकती उभी करून ताटात गडगडवली. ती वळून तिच्याकडेच परत आली. सगळ्या हसल्या, मीही हसले. नंतर कोठीत जाऊन तांदळाच्या पोत्यावर बसले आणि रडले. हे तुझ्या आईला कळवू नकोस, नाहीतर ती सामान बांधून इथे येईल.

वय त्रेसष्ट झालं. व्यवस्थापिका बाईंना सांगितलं की एक तारखेपासून टेबल दुसऱ्या कोणाला द्या, मी ताटं मोजीन. त्या फार चांगलं बोलल्या. त्याचाच जास्त राग आला.

सूनबाईला आशीर्वाद सांग. पत्राला उशीर करू नकोस, बाकी सगळे उशीर मला चालतात.

तुझी,
मावशी

१८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

ताटं मोजू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग मला काय बोलायचं ते बोल.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी छोटी सुरी चिमट्यात लावली. पात्याच्या कडेला मार्करपेनाने शाई फासायची आणि दगड एकदा फिरवायचा, म्हणजे दगड कुठे लागतो ते कळतं. सतरा अंशांना एका बाजूची शाई धारेपाशी पुसली, दुसऱ्या बाजूची पार वरच्या कडेला. दांडी वरखाली करत बसलो. तुझी उजवी बाजू बारा अंशांची आहे आणि डावी एकोणीस.

आता कबुली. त्या शनिवारी मोठ्या सुरीची शाईसुद्धा अशीच पुसली होती. मला वाटलं, मावशीचं वय झालं, धार लावताना तिचा हात वाकडा पडतो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, आणि दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत तासभर घासत बसलो. पण छोटी सुरी तर पंधरा वर्षं कपाटात होती! तेव्हाही बारा आणि एकोणीसच. तुझी सुरी पहिल्यापासून एका अंगाला ओढते, आणि तुझा हात तिला नेमका तेवढाच उलटा कलून धरतो. मी सुरी सरळ केली. हात अजून जुन्याच सुरीला सांभाळतो आहे. वाकडेपणा केला तो मी, मावशी. मला माझी लाज वाटते.

यंत्र कुरियरने पाठवतो आहे. दांडीवर लाल खूण म्हणजे उजवी बाजू, निळी म्हणजे डावी. खरखरीत दगडापासून सुरुवात कर. पलीकडच्या कडेला नखाला बारीक खरखर लागली की बाजू बदल. एक तारखेच्या आत कर, हात जोडतो.

रागावलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नये.

तुझा,
भाचा

२६ फेब्रुवारी

चि. चष्मेबहाद्दरास,
अ. उ. आ.

यंत्र पोचलं. चिमटा उलटा लावला, मग सुलटा लावला, आणि मधल्या वेळात तुला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. बारा आणि एकोणीसला दोन तास लागले. काकडी घेतली. पहिली चकती सरळ पडली. दुसरीही. मी ऐंशी काकड्या चिरल्या, गरज तिसांचीच होती. मुलींना दोन दिवस दुसरं काही वाढलं नाही.

व्यवस्थापिका बाईंना जाऊन सांगितलं की टेबल सोडत नाही. त्यांनी कारण विचारलं, मी अंश सांगितले. अंश त्यांना पटले नाहीत, चकत्या पटल्या.

तू विचारायला हवं होतंस. वय झालं असं तुला वाटलं तर तसं तोंडावर म्हणायचं, मी भांडले असते आणि छोटी सुरी पुरावा म्हणून त्याच दिवशी कपाटातून निघाली असती. एवढं बोलले, संपलं.

आता एक गोष्ट फक्त तुला लिहिते. त्या दिवसांत मी माझ्या हातावर पाळत ठेवली होती. पाणी ओतताना, सुईत दोरा घालताना, कुलपाला किल्ली लावताना. चकत्या बिघडल्या त्या सुरीमुळे, हे खरं. पण हात थरथरतो रे. थोडासाच. काकडी खाली टेबलावर टेकलेली असते, तिथे ते कळत नाही. सुरी हातात धरून दगडावर धार लावायची म्हटली तर मात्र कळेल. आधीपासून थरथरत असेल, मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मला अजून हे टेबल सोडायचं नाही.

म्हणून तुझं यंत्र मी परत पाठवत नाही. तू दुसरं घे, आणि पहिलं कुठे गेलं असं कोणी विचारलं तर मोडलं म्हणून सांग.

तुझी,
मावशी