जुन्या आवृत्तीने, रोज सकाळी सहाला

९ डिसेंबर
साइट जिच्याकडे ठेवली आहे त्या कंपनीचं पत्र. एचटीटीपीची, म्हणजे साइट मोबाईलपर्यंत पोचवायच्या पद्धतीची, जुनी आवृत्ती, एक-पॉइंट-एक, चालू ठेवायची की फक्त नवी? अठरापर्यंत कळवा. हे असते तर चहा पिता पिता कळवून टाकलं असतं. साइट यांनीच बनवली. दीड वर्ष झालं जाऊन. उपसा योजनेचं पाणी आज कोणाच्या शेताला, ते आता रोज मी टाकते.

१० डिसेंबर
तीन वेळा वाचलं. आपली जुनी उघडी जाते — वाटेत कोणीही वाचेल, बदलेलही. नवी बंद पाकिटात जाते. पण जुन्या मोबाईलला फक्त जुनीच कळते.
पाण्याची पाळी कोणी वाटेत बदलली तर? उन्हाळ्यात दोधू अण्णांची पाळी एक दिवस चुकली, तर काठ्या निघाल्या होत्या.

११ डिसेंबर
भाग्येशला विचारलं. जेठांचा, यांच्या मोठ्या भावाचा मुलगा, कॉम्प्युटर शिकलेला. लगेच म्हणाला, "काकू, जुनं ऱ्हाऊ दे. कोनले काय तरास शे?" का, म्हटलं, तर म्हशीला चारा टाकायला उठला.
याला जुनं कशाला हवं?

१३ डिसेंबर
कोण कधी साइटवर आलं, त्याच्या नोंदी उघडल्या. कशा बघायच्या ते यांच्या वहीत होतं. सगळे नव्या आवृत्तीने येतात. जुन्याने एकच! रोज सकाळी सहाला. आजची पाळी बघतच नाही. फक्त आवाजाचं बटण दाबतो.
ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे रोज स्वतःच्या आवाजात पाळी बोलून ठेवायचे. शेवटची तशीच आहे. मी काढली नाही. ऐकलीही नाही — ऐकवत नाही.
दीड वर्षापूर्वीची पाळी कोणाला हवी असेल?

१४ डिसेंबर
यात्रेतल्या घोडेबाजाराला निघालेले घोडे दारावरून गेले. बघायला बाहेर गेले नाही. मागच्या खिडकीतून पलीकडच्या गल्लीत, जेठांच्या ओट्यावर सासूबाई बसलेल्या दिसल्या. पोटचा मुलगा गेला, त्या एकदाही रडल्या नाहीत. माणूस इतका कोरडा?
सहाला परत तोच.

१६ डिसेंबर
यांचा जुना मोबाईल तेराव्याच्या दिवशी हरवला. त्या दिवशी कपाट भाग्येशने आवरलं होतं. आता जुळतंय! सहाला येणारा हाच, साइटच्या आत शिरायला फट शोधतोय — पाणी बापाच्या शेताकडे वळवायला.
तोंडावर विचारलं, मोबाईल तूच नेलास ना? म्हणाला, "सांगता येत नही, काकू. शपथ घेल शे." कोणाची, तेही सांगेना.

१८ डिसेंबर
कळवून टाकलं. फक्त नवी. जुनी आज संध्याकाळपासून बंद.
भाग्येशला सांगितलं नाही. यांचं काहीतरी राखलं, असं पहिल्यांदा वाटलं.

१९ डिसेंबर
सहाला कोणी आलं नाही.
आठ वाजता जाऊबाई बोलवायला आल्या — सासूबाई सकाळपासून चहा घेत नाहीत. गेले. ओट्यावरच होत्या. मांडीवर यांचा जुना मोबाईल. बोट त्या एकाच बटणावर.
मला बघून म्हणाल्या, "बाई, मन्हा नवनीत आज बोलना नही."