साडेचौदाचा शर्ट

४ मार्च, सकाळी ११
नशीब उघडलं. नव्या शाळेची ऑर्डर मिळाली. माध्यमिक विभाग, चाळीस शर्ट, वीस तारखेला द्यायचे. मुलं निरनिराळ्या देशांतून आलेली, आई-बापांच्या बदल्यांमागून. हे जमलं तर दरवर्षीचा युनिफॉर्म आपला. नाही जमलं तर समोरचा रेडिमेडवाला टपलेलाच आहे. वर्षभर मी लोकांच्या चेनी बदलून देतोय, तेव्हा जमायलाच हवं.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, गुरुवारी मापं घ्यायला या. मी नुसता हसलो.

४ मार्च, संध्याकाळ
गुरुवारी जाणार नाही. एकतीस वर्षं कात्री धरलीय. वय सांगा, छाती सांगतो. टेप नवशिक्यांसाठी असते.

काज-बटणं बायकोकडे. ती म्हणाली, अहो, कुठकुठची पोरं, मापं घेऊन या. मी म्हटलं, हाडं सगळीकडे सारखीच. ती काजं करत राहिली. पटलं असावं.

५ मार्च
शाळेच्या क्लार्कला फोन करून वयं विचारली. तो म्हणाला, सगळी माध्यमिकची आहेत. एवढं पुरे. माध्यमिक म्हणजे तेरा ते सोळा, शेंबडं पोरही सांगेल.

माझी पँट कमरेत घट्ट होतेय. हल्ली कापड फार आटतं. मिलवाल्यांना लाज उरली नाही.

६ मार्च
मुलीने कंप्युटरवर बघून उगाच घोळ घातला. (ती स्वतः माध्यमिकलाच आहे. वय तेरा.) म्हणे जर्मनीत बहुतेक ठिकाणी दहाव्या वर्षीच माध्यमिकला जातात. इंग्लंडात अकराव्या, जपानात बाराव्या. आणि इटलीतली पोरं एकोणिसाव्या वर्षापर्यंत तिथेच. वर म्हणाली, बाबा, टेप घेऊन जा ना.

तक्ता करून भिंतीवर लावला. अभ्यासाशिवाय मी काही करत नाही.

७ मार्च, गुरुवार
युक्ती सुचली. सरासरी. दहा अधिक एकोणीस, भागिले दोन. साडेचौदा. म्हणजे चाळीस मापांची गरजच नाही, एकच माप, छाती चौतीस. दहा-दहा कापडं एकावर एक ठेवून कटिंग केलं. असं डोकं या गल्लीत दुसऱ्या कुणाला नाही.

मापं घ्यायला का आला नाहीत म्हणून बाईंचा फोन आला. बायकोने विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, काम जोरात सुरू आहे म्हणून सांग. खोटं थोडंच होतं.

१३ मार्च
बावीस तयार.
मध्येच मुलीचा शाळेचा शर्ट शिवला. तेरा वर्षं, छाती तीस. घालून बघ म्हटलं तर दंडातच अडकला. अडकल्या अडकल्या म्हणाली, बाबा, मी पंधराची आहे. कसं शक्य आहे? परवाच तर तेरावा वाढदिवस झाला. हेही कापड आटलेलं दिसतं.

१९ मार्च
चाळीसच्या चाळीस इस्त्री करून टांगले. एक दुसऱ्यापासून वेगळा ओळखून दाखवावा. उद्या मुद्दाम रेडिमेडवाल्याच्या दारावरून नेणार.
बायकोने पिशवीत टेप टाकली. मी काढून ठेवली.

२० मार्च, दुपारी
शाळेच्या हॉलमध्ये ट्रायल झाली. बायको आणि मुलगी सोबत होत्या.

जर्मनीच्या पोराचे हात बाहीत हरवले, शर्ट गुडघ्यापर्यंत. इटलीच्या पोराला दाढी आहे. त्याने श्वास घेतला आणि दोन बटणं उडाली. (बटणं बायकोकडे असतात, हे नमूद करतो.) चाळीसांत साडेचौदाचं कुणीच निघालं नाही.

एकाला मात्र चपखल बसला. शाळेच्या शिपायाला. वय अठ्ठावन्न.

बाई रागावल्या नाहीत, हेच वाईट. त्यांच्या टेबलावर रेडिमेडवाल्याचं कार्ड होतं. आता ही ऑर्डर गेली की दुकान गेलं, हे तिथे उभ्या उभ्या कळलं.

तेवढ्यात मुलीने आईच्या पर्समधून टेप काढली. मी पिशवीतून काढून ठेवलेली बायकोने पर्समध्ये कधी घातली, कोण जाणे. मुलगी पोरांना म्हणाली, रांग करा, ताठ उभे राहा. ती मापं सांगत गेली, बायको लिहीत गेली. तासाभरात चाळीस. मी भिंतीवरून काढून आणलेला तक्ता धरून उभा होतो. शेवटी बाईंनी कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं आणि महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. ती त्यांनी माझ्याशी न बोलता मुलीशी बोलून दिली.

२१ मार्च
सकाळपासून शिवणी उसवतोय. यातूनच लहान पोरांचे निघतील, मोठ्या पोरांना नवं कापड.

मुलगी कटिंगच्या टेबलाशी शेजारी उभी राहते तेव्हा माझ्या कानापर्यंत येते. साऱ्या जगातल्या पोरांची वयं तक्त्यावर, आणि घरातल्या पोरीची दोन वर्षं माझ्या हिशेबातच नाहीत. वाईट वाटलं. तिचा शर्ट पहिला शिवला, माप घेऊन.

बदल्यात ती म्हणाली, बाबा, आता तुम्ही उभे राहा. कंबर मोजली. अडतीस. गेली सहा वर्षं मी माझी पँट चौतीसची कापतोय. पुन्हा मोज म्हटलं. तिने पुन्हा मोजली.

अडतीस. टेप आटली असावी.