तुझं गाणं, माझ्या नावावर

दादा,

आपला बँड आज संपला. आपला म्हणजे, तू सोडून गेल्यावर अकरा वर्षं मी एकटीने ओढलेला. बारमालकाला आमच्या कोपऱ्यात मॅच दाखवायला मोठा पडदा लावायचाय.

शेवटी मी सगळ्यांचे आभार मानले. दर शनिवारी पुढच्या टेबलावर बसणाऱ्या नर्सबाईंचे, ड्रमवाल्याच्या बायकोचे, आम्ही गात असताना मोठमोठ्याने गप्पा मारणाऱ्यांचेसुद्धा. मग तुझं गाणं म्हटलं. लोक उठून उभे राहिले. नर्सबाईंनी डोळे पुसत विचारलं, "हे कुणी लिहिलंय गं?"

"मीच," म्हणाले.

नोकरी लागल्यावर तूच बजावलं होतंस ना, "बारमधल्या गाण्याला माझं नाव लावू नकोस, सासुरवाडीत कळलं तर शोभा होईल"? दुसऱ्याची कला लाटणाऱ्यांवर मी याच माइकवरून किती आग पाखडली! आज मी चोर ठरले आणि तुझी अब्रू शाबूत राहिली.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तू चिडला असतास, भांडायला धावत आला असतास, तर आत्ताच पाठवलं असतं. पण तू "सुटलो बुवा" म्हणशील.

तुझ्या वाटच्या टाळ्या घेतलेली,
तुझी धाकटी