स्वाती गाळली तेव्हा

प्रिय उमा,

काल तुझी परीक्षा झाली, आणि निकाल सांगायला घरात कुणी नव्हतं. म्हणून हे पत्र.

तू गेल्यावर तुझी छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. आता दोन्हीकडचं काम एकत्र करताहेत. ब्लूटूथचे स्टॅक, म्हणजे जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामचे थर, दोन; ठेवायचा एकच. तुझा की त्यांचा?

म्हणून तुझा सहकारी सक्सेना काल ती डबी घेऊन आला. मास्तरांच्या कॉलरवरच्या माइकचा आवाज कमी ऐकू येणाऱ्या मुलांपर्यंत नेणारी.

"मॅडम यहीं टेस्ट करती थीं न, भाईसाहब?"

इथंच. त्या डबीतल्या इवल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तू थरावर थर रचायचीस. खाली रेडिओ, वर आवाज आणि मधे, तुझ्याच शब्दांत, "माझी सगळी डोकेदुखी". रचून झालं की मला माइक लावून खालच्या टोपी बाजाराच्या गल्लीत पिटाळायचीस. पाठशाळेतली माझी विद्या तुझ्या एवढ्याच कामी आली: सत्तावीस नक्षत्रं, क्रमानं, न अडखळता. एखादं गळलं की तू गॅलरीतून ओरडायचीस.

"शास्त्रीबुवा, मघा नाही पोचली!"

"मी पाठवली होती. तुझ्या थरांत अडकली असेल."

खालचा टोपीवाला विचारायचा, "पंडितजी, किसकी कुंडली मिला रहे हैं?"

"बायकोची," मी म्हणायचो. "अजून जुळतेय."

वळणावरच्या लोखंडी शटरापाशी जोडणी हमखास तुटायची. तुटली तरी तिनं आपण होऊन पुन्हा जुळावं, यासाठी किती संध्याकाळी घालवल्यास. तुझा चहा शेजारी निवत राहायचा. यंत्राला ही विद्या दिलीस, मला का नाही दिलीस ग?

काल आधी डबीत त्यांचा स्टॅक घालून गल्लीत फिरून आलो, मग तुझा घालून. अश्विनी, भरणी, कृत्तिका... शटर ओलांडलं. हस्त, चित्रा. पुढची स्वाती. तुझं जन्मनक्षत्र. ती मी मुद्दाम गाळली. विशाखा म्हटलं आणि गॅलरीकडे बघत उभा राहिलो.

कुणी ओरडलं नाही.

वर आलो तर सक्सेना खूश. "एकदम साफ, भाईसाहब. शटर के पास टूटा, फिर अपने आप जुड़ गया. उनका वाला तो वहीं बैठ गया था. अब मॅडम का ही रहेगा."

"मधे काही राहिलं का?" मी विचारलं.

"नहीं तो. सब आया."

पास झालीस, उमा. आता कुठल्या कुठल्या वर्गांत तुझे थर मास्तरांचा आवाज पोचवतील. आवाज पोचवणारं राहिलं. काय पोचलं नाही हे सांगणारी तेवढी राहिली नाही.

सक्सेना पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहे. तेव्हा सत्तावीसच्या सत्तावीस म्हणेन, स्वातीसुद्धा. हे वचन.

फक्त गॅलरीकडे बघू नका, असं म्हणू नकोस.

तुझा,
शास्त्रीबुवा