अर्धा ओढलेला हँडब्रेक

रविवार, १४ डिसेंबर २००३, संध्याकाळ

दोनदा साबण लावला, तरी हाताचा जळका वास जात नाहीये.

घोडबंदरला व्हॅन बंद पडली. मी आणि माझी लेक चिऊ, दोघंच होतो. मेहुण्याला, सतीशला, टेम्पो घेऊन बोलावलं. त्याने दोर बांधून बजावलं, "भाऊजी, दोर ढिला पडू देऊ नका. झटका बसला की तुटतो." इंजिन बंद, त्यामुळे पायाचा ब्रेक दगडासारखा घट्ट. मग मी सगळा रस्ता हँडब्रेकच अर्धा ओढून धरला. दोर एकदाही ढिला पडला नाही, याचा वर अभिमान! जळका वास आला तेव्हा वाटलं, टेम्पोचा धूर असेल. खरंच वाटलं, की तसंच असावं असं वाटत होतं?

पूनम सागर वसाहतीच्या अलीकडे एक रिक्षावाला शेजारी येऊन ओरडला, "अरे, पहिया जल रहा है!" उतरलो. मागच्या चाकातून धूर, आत बारीक जाळ. सतीशने माती टाकून विझवला.

मागच्या सीटमागेच सिलिंडर. स्वयंपाकाच्या गॅसचा. सगळेच व्हॅन त्यावर चालवतात म्हणून मीही बसवलेला. त्याला हात लावला. गार असायला हवा होता. कोमट होता.

बायकोला एवढंच सांगितलं, चाक तापलं होतं. सिलिंडरचं बोललो नाही.

जेवताना चिऊच म्हणाली, "बाबा, मी मागे टेकून झोपले ना, पाठीला मस्त गरम गरम लागत होतं."